घडीच्या चाकूचा पिव्हट: आधी सफाई, मग स्क्रू, तेल सगळ्यात शेवटी

चाकू उघडताना बोटाला करकर जाणवली की हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. पिव्हटमध्ये (पातं फिरतं त्या खिळीत) धूळ, वाळलेला फळाचा रस किंवा जुन्या तेलाचा चिकटा बसलेला असताना वरून तेल सोडलं, तर पातं दोन दिवस छान फिरतं आणि मग आधीपेक्षा जास्त अडतं. तेलात कालवलेली धूळ म्हणजे लॅपिंग पेस्ट, धातू घासून काढणारा लगदा. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांनी मशीनवर काम केलंय, त्यांना यापुढे काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी हा लेख.

क्रम असा धरायचा: सफाई, मग स्क्रूची बैठक, मग तेल, आणि तेही थेंबभर. चाकू पूर्ण उघडला असेल तेव्हाच तेल बांधण्याआधी लागतं. नवा महागडा फोल्डिंग चाकू घेतलेल्यांच्या बहुतेक तक्रारी पहिल्या दोन टप्प्यांतच मिटतात.

आत काय असतं

पातं ज्या खिळीभोवती फिरतं ती खीळ म्हणजे पिव्हट. स्वस्त चाकूत ती रिव्हेट मारून कायमची बसवलेली असते. चांगल्या चाकूत तिचे दोन भाग असतात: एक पोकळ दांडा आणि त्यात आट्यांनी बसणारा स्क्रू. पातं आणि मुठीच्या दोन बाजू एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये वॉशर तरी असतात नाहीतर छर्रे.

वॉशर फॉस्फर ब्राँझचे असतात, म्हणजे तांबं, कथील आणि किंचित फॉस्फरस यांच्या मिश्रधातूचे. नायलॉनचे आणि टेफ्लॉनचेही असतात. ब्राँझचा वॉशर वापरून वापरून गुळगुळीत होत जातो आणि थोड्याफार धुळीने लगेच रुसत नाही. अमेरिकेतल्या ख्रिस रीव्ह नाइव्ह्जची सेबेन्झा हा महागड्या चाकूंमधला सगळ्यात जास्त बोलला जाणारा नमुना. तिच्यात ब्राँझचेच वॉशर आहेत, आणि मालकाने ती स्वतः उघडून साफ करावी अशा बेताने तिची बांधणी केलेली आहे.

छर्रे म्हणजे सायकलच्या हबात असतात त्याच जातीचे, फक्त दीडेक मिलिमीटरचे, प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या चकतीत अडकवलेले. छर्र्यांचा चाकू बोटाच्या नुसत्या इशाऱ्यावर उघडतो आणि दुकानात मन जिंकतो. पण एक वाळूचा कण आत गेला की तो लगेच जाणवतो. छर्रे साध्या बेअरिंग स्टीलचे असतील तर पावसाळ्यात ते पात्याच्या आधी गंजतात, कारण त्या पोलादात क्रोमियम जेमतेम दीड टक्का असतं. सिरॅमिक छर्र्यांना ही भीती नाही. शेतात, मळ्यात, ट्रेकला वापरायचा चाकू घेणार असाल तर माझं मत सरळ वॉशरच्या बाजूने आहे. छर्रे टेबलावर बसून पाकिटं फोडणाऱ्यांना लखलाभ.

आपल्या चाकूत काय आहे हे कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. नसेल तर पातं अर्धवट उघडून मोबाईलच्या टॉर्चने फटीत बघा: पिवळसर तांबूस सलग चकती दिसली तर ब्राँझ, पांढरी किंवा काळी मऊ चकती दिसली तर नायलॉन किंवा टेफ्लॉन, काहीच सलग दिसत नसेल आणि पातं फारच मोकळं फिरत असेल तर बहुधा छर्रे.

आणखी दोन गोष्टी ओळखून ठेवा. पातं उघडल्यावर ज्यावर टेकतं ती आडवी पिन म्हणजे स्टॉप पिन. आणि लायनर लॉक किंवा फ्रेम लॉक (मुठीतली पट्टी किंवा मुठीचाच भाग सरकून उघड्या पात्याला मागून अडवतो ते लॉक) असलेल्या चाकूत लॉकच्या पट्टीवर एक बारीक गोळी बसवलेली असते. मिटलेलं पातं खिशात आपोआप उघडू नये म्हणून ती पात्यातल्या खळग्यात बसते. तिला डिटेंट म्हणतात. पातं फिरताना ही गोळी त्याच्या अंगावर एक रेघ काढत जाते. ती रेघ पाहून नवे मालक घाबरतात. घाबरू नका, ती पडणारच.

नाशिकचा मळ

खिशातला कापसाचा भुगा सगळीकडे सारखाच. पण आपल्याकडे त्यात भर पडते ती द्राक्षाची आणि कांद्याची. द्राक्षाच्या रसात साखर आणि टार्टारिक आम्ल दोन्ही असतात. साखर वाळून चिकटते आणि आम्ल पोलादाला डागते. डी-२ पोलादाचं पातं असेल तर हे डाग फार लवकर दिसतात. डी-२ मध्ये क्रोमियम साधारण बारा टक्के असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस मानत नाहीत. एम-३९० किंवा २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट यांसारखं स्टेनलेस पोलाद असेल तर काळजी बरीच कमी.

बागेत भुरी रोगासाठी गंधक आणि केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) मारलेलं असतं. गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना काळं पाडतं, म्हणजे ब्राँझच्या वॉशरलाही. बोर्डोतलं मोरचूद लोखंडावर ओलं राहून वाळलं तर गंज धरायला वेळ लागत नाही. डॉगरीज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर कलमं बांधणाऱ्यांचा चाकू दिवसभर खुंटाच्या चिकात, मातीत आणि फवारलेल्या पानांत असतो. त्या चाकूला घरातल्या चाकूचं वेळापत्रक लावू नये. संध्याकाळी धुऊन कोरडा केल्याशिवाय तो मिटूच नये.

कांदा चिरला, चाकू तसाच मिटला आणि खिशात टाकला, तरी हेच. कांद्याच्या रसात गंधकाची संयुगं असतात.

उघडण्याआधी: खरंच उघडायला हवा का?

बहुतेक वेळा नाही. पिव्हटचा स्क्रू न काढताही बरीच सफाई होते. पातं अर्धवट उघडं ठेवून कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब यात चाकू बुडवा, पाण्याखालीच सावकाश उघडझाप करा. पाणी गढूळ झालं की बदला. मग वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. लाकडी किंवा शिंगाची मूठ असेल तर मात्र बुडवायचं नाही; तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा किंवा बारीक ब्रश, तोही पिव्हटपुरता, मुठीच्या पॉलिशला न लागू देता.

धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. झटकून, फुंकून पुसलेल्या चाकूत वॉशरखाली पाणी राहतंच. जवळच्या टायरवाल्याकडे हवेचा पाइप असतो, पण कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असू शकतं. त्यापेक्षा हेअर ड्रायर बरा. तो नसेल तर अल्कोहोलचे काही थेंब पिव्हटमध्ये सोडा, दहा-बारा वेळा उघडझाप करा. अल्कोहोल पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. हे करताना गॅस आणि देवघरातला दिवा दूर असू द्या.

एवढ्यावर करकर गेली तर इथेच थांबा, एक थेंब तेल द्या आणि 'उघडणे' व 'सफाई' हे खालचे दोन भाग सोडून द्या.

पूर्ण उघडायची वेळ येते ती तीन कारणांनी: आत गंज किंवा वाळू गेली आहे, पातं आडवं हलतंय आणि स्क्रू आवळून उपयोग होत नाहीये, किंवा जुनं तेल गोंदासारखं झालंय. 'नवा आहे, आत काय आहे बघू' हे कारण नव्हे. आधी वॉरंटीचा कागद वाचा. काही कंपन्या चाकू स्वतः उघडायला मोकळीक देतात, काही उघडलेल्या चाकूची वॉरंटी नाकारतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल चाकूसारखे रिव्हेटचे चाकू तर उघडायचे नसतातच. त्यांना कोमट पाण्यात उघडझाप, मग वाळवणं आणि सांध्याला तेलाचा थेंब, बस.

बटण दाबून स्प्रिंगने उघडणारे चाकूही घरी उघडू नका. बेंचमेड कंपनीच्या ॲक्सिस लॉकसारख्या यंत्रणेत केसाएवढ्या तारेच्या दोन स्प्रिंगा असतात. मूठ वेगळी केली की त्या उडतात, आणि फरशीवर पडल्या तर सापडत नाहीत. पहिला चाकू उघडायचा असेल तर साधा लायनर लॉक किंवा फ्रेम लॉकचाच असू द्या.

सामान

सगळ्यात आधी चांगले स्टार बिट, म्हणजे टॉर्क्स. बहुतेक परदेशी चाकूंना टी-६, टी-८ आणि कधी टी-१० लागतात. काहींना ॲलन की. कार-बाईकच्या पेटीत येणारे शंभर रुपयांचे मऊ बिट इथे वापरू नका. टी-८ च्या खाचेत टी-७ शिरतो, फिरतोही, आणि दुसऱ्या वेळी खाच गोल करून टाकतो. गोल झालेला पिव्हट स्क्रू ड्रिल केल्याशिवाय निघत नाही. या कामात पैसे कुठे घालायचे असतील तर ते इथे. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या टूलच्या दुकानांत कडक पोलादाचे सुटे बिट मिळतात. बिट घेताना चाकू सोबत न्या आणि खाचेत बसवून, हलवून बघा. हलता कामा नये.

त्याच दुकानांत थ्रेडलॉकर मिळतो, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव. लॉकटाइट २२२ हा जांभळा, कमी ताकदीचा, बारीक स्क्रूंसाठीचा. निळा २४३ मध्यम. चाकूच्या पिव्हटला चालतो, पण बारक्या स्क्रूंना जड पडतो. लाल २७१ चाकूच्या जवळही आणू नका, तो सोडवायला चांगली आग लागते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल एम. जी. रोडच्या बाजूला मोबाईल दुरुस्तीचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळतं. शिवाय मास्किंग टेप, कानातल्या काड्या, पांढरं सुती फडकं, कडा असलेलं एक ताट. ताट कडांचंच हवं, स्क्रू गडगडतात.

उघडणे

पात्याच्या धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या. हे टाळून कुणी धीट ठरत नाही. स्क्रू अचानक सुटतो तेव्हा हात नेमका धारेकडे जातो.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कुठला स्क्रू कुठला हे दिसेल असे. मग बिट खाचेत सरळ उभा बसवून वरून दाब द्या आणि मगच फिरवा. नव्या चाकूंचे स्क्रू कंपनीने थ्रेडलॉकर लावून बसवलेले असतात, ते हलत नाहीत. ताकद वाढवू नका. सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, मग लगेच प्रयत्न करा. उष्णतेने थ्रेडलॉकर सैल पडतो. मूठ प्लास्टिकची असेल तर हे फार जपून, थोडं थोडं.

कधीकधी स्क्रू फिरवताना अख्खा पिव्हटच सोबत फिरतो. त्याच्या दुसऱ्या डोक्यालाही खाच असेल तर दुसरा बिट लावून धरा. नसेल तर चाकू मुठीसह दोन रबर बँडने घट्ट बांधा आणि पात्याला हलका आडवा ताण द्या, म्हणजे पिव्हट जागेवर आवळला जातो. बऱ्याच चांगल्या चाकूंत पिव्हटला एका बाजूने सपाट केलेलं असतं आणि भोकही तसंच असतं, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

आधी पिव्हट नुसता सैल करा, पूर्ण काढू नका. मग मुठीचे बाकीचे स्क्रू काढा आणि शेवटी पिव्हट. वरची बाजू सरळ उचला. वॉशर पात्याला चिकटून येतो किंवा मुठीला. कुठला वॉशर कुठल्या बाजूचा, कुठलं तोंड पात्याकडे, हे ठरवून ताटात त्याच क्रमाने ठेवा. जुने वॉशर आपापल्या बाजूला घासून बसलेले असतात, अदलाबदल केली तर पुन्हा बसायला वेळ घेतात. छर्र्यांच्या चकतीचं एक तोंड उघडं आणि एक बंद असू शकतं. उलटी बसली तर चाकू आवळताच जाम होतो.

सफाई

अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं, एवढंच लागतं. पिव्हटचा दांडा, पात्याचं भोक, पात्याच्या दोन्ही बाजूंचा वॉशरखालचा गोल पट्टा, मुठीच्या आतली बाजू, स्टॉप पिन. स्क्रूच्या आट्यांमधला जुना थ्रेडलॉकर सुईने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, नाहीतर नवा धरत नाही. छर्रे चकतीतून काढू नका. चकतीसकट अल्कोहोलमध्ये हलवून घ्या.

ब्राँझचे वॉशर काळपट दिसले की ते चकचकीत करायचा मोह होतो. भांडी बाजारातून तांब्या-पितळेची भांडी घेणाऱ्या आपल्या गावात तर चिंच, लिंबू आणि भांड्यांची पावडर हाताशीच असते. वॉशरला यातलं काही लावू नका. पावडरीत घासणारे कण असतात, ते वॉशरच्या मऊ धातूत रुतून बसतात आणि नंतर पात्याला घासत राहतात. आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर ते आतच राहतं. काळपटपणाने वॉशरचं काहीही बिघडत नाही. त्यावर बोट फिरवून बघा: कडेला धातूचा खरखरीत कंगोरा (बर) असेल तर काचेवर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, पाण्याचा थेंब टाकून, वॉशर बोटाने हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. जास्त नाही. वॉशर पातळ झाला की पात्याचा मध्य सरकतो आणि मिटलेलं पातं एका बाजूला टेकू लागतं.

पात्यावर गंजाचे ठिपके वॉशरच्या पट्ट्यात असतील तर पितळेच्या तारेच्या मऊ ब्रशने काढा. लोखंडी तारकाथ्या नको.

तेल

नाशिकमध्ये नव्या मालकाला सर्वांत जास्त मिळणारा सल्ला म्हणजे 'खोबरेल लाव'. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो आणि निफाडला पाचच्या आसपासही उतरतो. त्या सकाळी खोबरेल घातलेला चाकू अक्षरशः अडतो. स्वयंपाकाची बाकीची तेलं, शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, हवेतल्या प्राणवायूने हळूहळू घट्ट होत चिकट थर धरतात. जवसाचं तेल तर यात सगळ्यांच्या पुढे. लाकडाला ते याच गुणामुळे लावतात, आणि पिव्हटमध्ये ते याच गुणामुळे नको.

डब्ल्यूडी-४० घरोघरी असतो. त्याचं नाव पाणी हटवणाऱ्या द्रवाच्या चाळिसाव्या प्रयोगावरून पडलं, आणि १९५३ पासून तो मुख्यतः त्याच कामाचा आहे. पावसात भिजलेल्या चाकूतलं पाणी बाहेर काढायला, चिकटा सैल करायला उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर फार पातळ असतो. त्याने धुवा, पुसा आणि मग खरं वंगण द्या. दुचाकीच्या चेनचं तेल घट्ट आणि चिकट असतं, धूळ ओढतं. गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल तर सांगायलाच नको. त्यात काजळी असते आणि धातूचे बारीक कणही.

मग घालायचं काय? शिलाई मशीनचं तेल. पातळ, पांढरं, खनिज तेल. गंधहीन, न गोठणारं, न चिकटणारं, आणि रविवार कारंजावर कुठल्याही शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळणारं. चाकूचं खास म्हणून महागड्या छोट्या बाटल्या येतात, त्या वाईट नसतात, सुईसारखं तोंड असलेली बाटली तर खरोखर सोयीची असते. पण पहिल्या वर्षी फरक ओळखू येईल असं मला वाटत नाही. पंधरा रुपयांच्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये शिलाई मशीनचं तेल भरून ठेवलं की तेच काम होतं. त्याच चाकूने फळं कापत असाल तर मात्र खाद्य दर्जाचं पांढरं खनिज तेल घ्या. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं ते चालतं. थोडं जाड असतं, पण वॉशरच्या चाकूला जाडसर तेल उलट सोसतं.

ग्रीस की तेल, यावर लोक बराच वेळ भांडतात. छर्र्यांना पातळ तेल. ब्राँझ वॉशरला तेल किंवा अगदी पातळ थर ग्रीस, दोन्ही चालतं. ग्रीस जास्त टिकतं आणि पातं जरा दमाने फिरतं. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भटकणाऱ्यांनी ग्रीस घ्यावं, कारण ते पाणी आत येऊ देत नाही. मे महिन्याच्या उन्हाळ्यात धुळीत काम असेल तर तेल. नायलॉन आणि टेफ्लॉनच्या वॉशरना नावापुरतं.

किती? वॉशरच्या प्रत्येक तोंडावर टाचणीच्या टोकावर मावेल एवढं, आणि ते बोटाने पसरून चकती फक्त ओलसर दिसावी इतकंच. पिव्हटच्या दांड्याला बोटाचा तेलकट हात. डिटेंटच्या गोळीला एक ठिपका. चाकू बांधून झाल्यावर तेल फटीतून बाहेर आलं, तर ते जास्त झालं.

आणि एक जागा अशी जिथे तेल अजिबात नको: पात्याच्या मागच्या टोकाचा जो भाग लॉकच्या पट्टीला टेकतो, तो आणि त्या पट्टीचं टोक. लायनर लॉक किंवा फ्रेम लॉक तिथल्या घर्षणावर उभा असतो. तिथे तेल गेलं तर लॉक सरकू शकतो, आणि सरकलेला लॉक बोटांवर मिटतो. अल्कोहोलने ते दोन्ही भाग कोरडे ठेवा. टायटॅनियमचा लॉक पात्याला चिकटून सोडताना 'टक' करत असेल तर त्या टोकावर पेन्सिलच्या शिसाची एक-दोन रेघ ओढा.

पुन्हा बांधणे आणि स्क्रूची बैठक

सगळे स्क्रू आधी हाताने, सैल. मग पिव्हट. थ्रेडलॉकर स्क्रूच्या आट्यांवर, शेवटच्या दोन-तीन आट्यांपुरता, काडीच्या टोकाने. थेट बाटलीतून थेंब सोडला की तो वॉशरपर्यंत वाहतो आणि पातं पिव्हटला चिकटतं. थ्रेडलॉकर हवा बंद झाल्यावर, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. स्टेनलेस आणि टायटॅनियमवर सावकाश. रात्रभर तरी चाकू बाजूला राहू द्या, चोवीस तास दिले तर उत्तम. प्लास्टिकच्या मुठीला तो लागला तर लगेच पुसा, काही प्लास्टिकना तो तडे पाडतो.

आता मुख्य काम. पिव्हट पातं जड होईपर्यंत आवळा, मग अगदी थोडं मागे सोडा, घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं पुढे सरकावं इतक्याच कोनातून. पातं उघडून लॉक करा, टोक दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खळखळ असेल तर किंचित आवळा. नसेल आणि पातं सहज मिटत असेल तर जागा सापडली. ही जागा अक्षरशः केसाएवढी असते आणि दर चाकूची वेगळी. पहिल्यांदा यात अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. सेबेन्झासारख्या काही चाकूंत पिव्हटवर मोजून घासलेलं बुशिंग (छोटी नळी) असतं, तिथे स्क्रू पूर्ण आवळायचा असतो आणि हा खेळ करावा लागत नाही.

पिव्हट जमला की मुठीचे स्क्रू आलटून पालटून आवळा, एक पूर्ण आणि मग दुसरा असं नको. प्रत्येक स्क्रूनंतर पातं मिटून दोन्ही मुठींच्या मधोमध येतंय का बघा. एका बाजूला गेलं तर मुठीचे स्क्रू सैल करून पुन्हा. थोडं एका बाजूला राहिलं पण कुठे घासत नसेल, तर सोडून द्या. त्या रेघभर फरकासाठी चांगले आटे खराब करणारे लोक बरेच आहेत.

शेवटी लॉक तपासा. पातं उघडून, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाहेर ठेवून, पात्याच्या पाठीवर हलका दाब द्या. सरकत असेल तर चाकू वापरू नका.

वेळापत्रक

मृग लागायच्या आधी एकदा नीट बघा, पावसाळा संपल्यावर एकदा. मधल्या काळात भिजला की वाळवणं आणि थेंबभर तेल. ऑक्टोबरच्या छाटणीत वापर असेल तर छाटणी झाल्यावर धुणं. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं. ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूचं लाकूड जुलै-ऑगस्टमध्ये फुगतं आणि पातं लाकडातच अडकतं. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्हॉय भागात काढला, आणि आपल्या घाटमाथ्याचा पाऊस त्याच्या हिशोबात नव्हता. त्याला तेलाने काही होत नाही. तांदळाच्या डब्यात किंवा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत चार दिवस ठेवा, लाकूड बसलं की पातं मोकळं होतं.

पात्याची लांबी नऊ इंचांच्या आणि रुंदी दोन इंचांच्या आत असेल तर शस्त्र नियमांत तो परवान्याच्या वर्गात येत नाही, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली पाती तशीही त्यातून वगळलेली आहेत. तरी सण, निवडणुका, सिंहस्थ अशा वेळी पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात आणि त्यात चाकू बाळगण्यालाही मनाई असते. त्या दिवसांत तो घरी ठेवा. ओझरहून विमानाने जाणार असाल तर चेक-इन सामानात.

पातं वर-खाली हलत असेल, म्हणजे धारेच्या दिशेने आणि पाठीच्या दिशेने, तर तो पिव्हटचा दोष नसतो. तिथे लॉक झिजलेला असतो किंवा स्टॉप पिन, आणि स्क्रू कितीही आवळला तरी ते जात नाही. असा चाकू कंपनीच्या सर्व्हिसकडे पाठवा; पार्सल करताना पात्याला टेप लावा, मिटलेल्या चाकूवर रबर बँड चढवा आणि स्क्रूंना थ्रेडलॉकर लावलेला आहे हे चिठ्ठीत लिहा.